बाबांच्या खोक्यातल्या बाटल्या

४ मे

धाकट्या,

बाबांची कात्री परत पाठवते आहे. तू ती मऊ कापडात गुंडाळून, वर सुतळी बांधून इतक्या मायेने पाठवलीस की पार्सल घेऊन येणाऱ्यालाही गहिवरून आलं असतं. मला आलं नाही. बाबांनी त्या कात्रीला कधी कुणाला हात लावू दिला नाही. दुकान तुझ्या हवाली केलं तेव्हाही ती स्वतःकडेच ठेवली होती, आठवतंय ना? तेव्हा आता ती मला नको. दुकानात, कापड बेततोस त्या टेबलासमोर खिळा ठोक आणि तिथे टांग. मान वर केली की दिसली पाहिजे.

तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं आहे. तिच्यावर डाफरू नकोस. ती पोटात ठेवणार होती, पण तू वर्तमानपत्राला मुलाखत दिलीस आणि तेवढं मात्र तिच्या घशाखाली उतरेना. 'बायकांच्या औषधाने दिलं जीवदान' असा मथळा आणि खाली गळ्यात मोजपट्टी घातलेला तू. फोटो छान आला आहे, चेहरा भरलेला दिसतो. तो अंक हातात धरूनच तिने मला फोन केला असावा, कारण मागे कागद वाजत होता. म्हणाली, "ताई, ते औषध यांचं नव्हतंच. बाबांच्या खोक्यातलं होतं."

तर मला आता माहीत आहे, इतकंच कळवायचं होतं. फोन केला नाही, कारण फोनवर तू रडशील. लहानपणापासून तू रडून सुटत आला आहेस आणि दरवेळी तुझे डोळे पुसायला मीच पुढे व्हायचे. या खेपेला होणार नाही.

ताई


२० मे

धाकट्या,

उत्तर मिळालं. तुला काही आठवत नाही म्हणतोस, तापात होतो म्हणतोस. बरं. मी आठवण करून देते.

त्या साथीत आमच्या वॉर्डात बायका धापा टाकत यायच्या आणि बऱ्याचशा घरी जायच्या. पुरुष मात्र आमच्या डोळ्यांदेखत जात होते. मी त्या दोन खोल्यांमध्ये ये-जा करत होते आणि एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. बायकांच्या अंगात जे एक हार्मोन असतं, तेच त्यांच्या फुफ्फुसांतली आग आवरत असेल का? तसं असेल तर ते पुरुषांना टोचून पाहायला काय हरकत आहे? लोक हसले. वरिष्ठांनी तर विचारलं, आता काय सगळ्यांना बांगड्या भरायच्या का. तरी मी हटले नाही. परवानग्या मिळवल्या आणि चाचणी उभी केली. निम्म्या पुरुषांना तेलात मिसळलेलं हार्मोन पोटावर टोचायचं आणि निम्म्यांना नुसतं तेल. कुणाच्या वाट्याला काय, हे संगणकाने ठरवलेलं. ते ना पेशंटला माहीत, ना नर्सला, ना मला. ती यादी दुसऱ्याच कचेरीत कुलूपबंद होती आणि चाचणी संपल्याशिवाय ती उघडायची नव्हती. माणसाला एकदा कळलं की तो आशेने बरा होतो किंवा निराशेने खचतो, आणि मग औषधाचं खरंखोटं कळत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

त्यातच बाबा आणि तू एकाच आठवड्यात आजारी पडलात. घरची माणसं म्हणून मला तुमच्या अंगाला हात लावायला बंदी होती. तुम्हा दोघांना माझ्याऐवजी चाचणीतल्या माझ्या सहकाऱ्याने, आपल्या टकलू डॉक्टरांनी, चाचणीत घेतलं. मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. दोघांना एका खोलीत ठेवा, म्हाताऱ्याला सोबत होईल. सोबत! हा शब्द माझाच होता.

टकलू डॉक्टर माहितीपत्रक वाचून दाखवत होते आणि मी दाराच्या काचेबाहेर उभी होते. झोप जास्त येईल, छाती हुळहुळी होईल, असं त्यांनी वाचलं. त्यावर बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "आयुष्यभर बायकांची मापं घेतली. आता माझं माप कोण घेणार?" सिस्टर इतकी हसली की तिच्या चष्म्यावर वाफ धरली. तूही हसलास. मी काचेबाहेरून पाहिलं.

औषध खोलीतच ठेवायचं असा नियम होता. जंतूंच्या खोलीतून वस्तूंची ने-आण नको, म्हणून तुम्हा दोघांची दोन खोकी दोन पलंगांच्या मधल्या फळीवर होती. दिवसातून इतक्या वेळा सगळं जंतुनाशकाने पुसलं जायचं की बाटल्यांवरचे नंबर पार उडून गेले. खोक्यावरचा नंबर तेवढा प्लास्टिकखाली होता म्हणून टिकला. त्यामुळे सिस्टर खोकं बघायची, त्यातली बाटली घ्यायची आणि टोचायची. तू पडल्यापडल्या हे बघत होतास. तू कापडातला माणूस, शिवण कुठे सैल आहे ते तुला दुरून दिसतं.

मग बाबा दिवसाढवळ्या झोपायला लागले. छाती दुखते म्हणायला लागले. तुला वाटलं, झालं, म्हाताऱ्यालाच खरं औषध लागलं आणि माझ्या नशिबी तेल. सिस्टर बाहेर गेल्यावर तू उठलास, नाकातली नळी सांभाळत. त्यांच्या खोक्यातल्या उरलेल्या बाटल्या तुझ्या खोक्यात घातल्यास आणि तुझ्या त्यांच्या खोक्यात. मग बायकोला फोन करून कुजबुजलास, "म्हाताऱ्याला खरं मिळत होतं, मला नुसतं तेल. मी बदलून टाकलं. पोरींसाठी." फोन करण्याइतकी शुद्ध होती तुला.

पुढे तुझा ऑक्सिजन निघाला. बाबांना खालच्या मजल्यावर यंत्रावर नेलं आणि ते परत वर आले नाहीत.

ताई


८ जून

धाकट्या,

आता आठवलं वाटतं. "मला दोन मुली आहेत, बाबांचं सगळं करून झालं होतं," असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'करून झालं होतं.' शिलाई संपली, दोरा तोडा, गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्यांच्या टेबलावर माझा कोट अर्धा शिवलेला पडला आहे, धाकट्या. एक बाही लावायची राहिली आहे. त्यांचं काही करून झालं नव्हतं.

आणि मुलींना मध्ये आणू नकोस. त्या माझ्याही आहेत. आजोबांचं औषध काढून घेऊन बाप जगला, हे त्या मोठ्या झाल्यावर त्यांना तू सांगणार आहेस की मी सांगू?

पण माझं डोकं खरं फिरलं ते तुझ्या बायकोने परवा जे सांगितलं त्याने. आईला तू म्हणे भलतंच सांगून ठेवलं आहेस. तू स्वतःचं औषध बाबांना दिलंस! 'माझ्या वाट्याचं त्यांना घातलं, तरी देवाने ऐकलं नाही.' आई ते येईल त्याला सांगते. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना सांगितलं. तुझी बायको समोर उभी राहून ऐकते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

बाबांचं औषध तू घेतलंस, एवढ्यावर तुझं भागलं नाही. त्यांना वाचवायला धडपडलेला मुलगा म्हणून आता मिरवतोस. त्या आईसमोर, जी तुझ्या हातचं पाणी पिऊन झोपते.

तर नीट ऐक. सप्टेंबरात कुलूप उघडणार. कुणाच्या खोक्यात काय होतं ते कळेल. ऑक्टोबरात आईला पंचाहत्तर पूर्ण होतील, तेव्हा मी येईन. सगळे बसलेले असतील. बाबांच्या खोक्यात खरं औषध होतं आणि ते तू काढून घेतलंस, हे मी आईला तुझ्यासमोर सांगेन. मग ती कुणाकडे राहते ते बघू. माझ्या घरात खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावून झाले.

ताई


३ जुलै

धाकट्या,

नाही, मी ऐकणार नाही. बायकोला मध्ये घालू नकोस, तिला आधीच दोन्हीकडून ओढ लागली आहे.

तू काय केलंस ते मी देखरेख समितीला लेखी कळवलं आहे. टकलू डॉक्टरांचा चेहरा पडला. नियम त्यांनी पाळले होते, खोकी त्यांनी रोज तपासली होती, आणि आता बोलणी त्यांनाच बसली. ते मला एका शब्दानेही लागेल असं बोलले नाहीत, फक्त विचारलं, "तुमचा भाऊ असं करेल असं वाटलं होतं?" मी म्हटलं, माझ्या भावाला साधं बटणही न विचारता घ्यायची सवय नव्हती. ते खरंच आहे. तू असा नव्हतास. म्हणून जास्त राग येतो.

समितीने तुम्हा दोघांना मोजणीतून काढून टाकलं. बदललेल्या बाटल्यांचा माणूस कुठल्या बाजूला धरायचा? त्यामुळे बाबा आता औषध मिळालेल्यांतही नाहीत आणि तेल मिळालेल्यांतही नाहीत. माझ्या सगळ्या कामात त्यांचा मृत्यू कुठेच धरलेला नाही. हेही तुझंच देणं.

दुकानात ती मुलाखत चौकट करून लावली आहेस असं कळलं. उतरवू नकोस. राहू दे ऑक्टोबरपर्यंत.

ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

आज तुझं पत्र आलेलं नाही, तरी लिहिते आहे. कुणाला तरी सांगायला हवं आणि ज्यांना सांगावं ते बाबा गेले.

शेवटचा पेशंट घरी गेला. आता फक्त आकडे जुळवायचे. सगळे थकले आहेत, माझी एक मदतनीस खुर्चीतच पेंगते. मी मात्र ताजीतवानी आहे. दुपारी टकलू डॉक्टर चहा घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही इतक्या खुशीत? निकाल आपल्या बाजूने लागेल असं वाटतं का?" मी म्हटलं, लागलाच पाहिजे. माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी कप खाली ठेवला.

कारण सांगते. मला हे औषध गुणकारी ठरायला हवं आहे. पूर्वीही हवं होतं, पण तेव्हा त्या धापा टाकणाऱ्या माणसांसाठी हवं होतं. आता ते तुझ्यासाठी हवं आहे. औषध गुणकारी असलं आणि ते बाबांच्या खोक्यात असलं, तरच तू त्यांना मारलंस हे सिद्ध होतं. सकाळी दात घासताना, जिना चढताना मी हेच मनात म्हणत असते. लागू पडू दे, लागू पडू दे. ज्या चाचणीत कुणी काही इच्छा धरू नये म्हणून आम्ही एवढी कुलपं लावली, तिच्या निकालावर मी अशी टपून बसले आहे. आरशात बघायची लाज वाटते. पण माघार घेत नाही.

ताई


१५ सप्टेंबर

धाकट्या,

कुलूप उघडलं. तुमच्या दोन्ही खोक्यांत काय होतं ते आता मला माहीत आहे.

चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येकाला ते विचारायचा हक्क आहे, हे तू बरोबर लिहिलं आहेस. टकलू डॉक्टरांना विचार, ते रीतसर सांगतील. पण तू त्यांना विचारणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी हॉस्पिटलची ती पायरी चढावी लागेल आणि तुला ते झेपायचं नाही. तुला ते माझ्याकडून, दबक्या आवाजात, माफीत गुंडाळून हवं आहे.

सांगायचं ते आईसमोर सांगेन. अकरा तारखेला दुपारी येते. मुलींना त्या वेळी शेजारी पाठव.

ताई


१३ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र माझ्या पाठोपाठच घरी येऊन पडलं. मी गाडीत बसल्याबसल्या लिहायला घेतलंस का? "ताई, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. जन्मभर विसरणार नाही. तू मला माफ केलंस." अक्षर भिजलेलं आहे. रडलास ना?

मला जे दिसलं ते आधी लिहिते. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, तू शिवलेल्या नव्या कपड्यांत. कापड उत्तम होतं, शिवणही बाबांच्या हातासारखी. तू चहाचा ट्रे घेऊन उभा होतास. तुझी बायको दारात होती. मी तोंड उघडायच्या आत आईनेच विचारलं. ती इतके महिने ती गोष्ट जगाला सांगत होती आणि तिचा स्वतःचा त्यावर पुरता विश्वास नव्हता, हे तुला तरी माहीत होतं का? मला जवळ बोलावून म्हणाली, "हा म्हणतो, याने आपलं औषध त्यांना दिलं. याचं किती खरं धरायचं, तूच सांग. तू कधी मला खोटं सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, "हो आई. बाबांना गेलं ते याचंच औषध होतं."

तिने तुला जवळ घेतलं. तू ट्रे खाली ठेवायचाही विसरलास, तो तुझ्या बायकोने हातातून काढून घेतला. आईने तुझ्या केसांतून हात फिरवला आणि तू गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत होतास. मधूनच माझ्याकडे बघून हात जोडत होतास. म्हणून हे पत्र.

मी खोटं बोलले नाही.

तुझ्या खोक्यात हार्मोन होतं. बाबांच्या खोक्यात पहिल्यापासून नुसतं तेल होतं. ज्या दिवशी तू बाटल्या बदलल्यास, त्या दिवसापासून खरं औषध त्यांना मिळू लागलं आणि तू त्यांचं तेल पोटावर टोचून घेत राहिलास. तू चोरायला उठलास आणि देऊन बसलास. पंधरा सप्टेंबरला मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, टकलू डॉक्टरांकडून वाचून घेतली. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतका संताप मला बाबा गेले तेव्हाही आला नव्हता. जे खोटं तू आईला सांगितलंस, ते माझ्या स्वतःच्या चाचणीने खरं करून दिलं.

पुढचंही ऐक, तेही तुझ्या हक्काचं आहे. औषधाचा काही उपयोग झाला नाही. हार्मोन मिळालेले आणि तेल मिळालेले सारखेच जगले आणि सारखेच गेले. हसणारे वरिष्ठ आता मोठ्या मनाने माझं सांत्वन करतात. बाबा त्या औषधाने वाचले नाहीत आणि तू त्याच्यावाचून वाचलास. तू तरुण होतास, एवढंच.

आणि बाबांची ती झोप. ती औषधाची नव्हती, त्यांना तोवर औषध मिळतच नव्हतं. ती फुफ्फुसं हरत चालल्याची गुंगी होती. तू शेजारच्या पलंगावर होतास, चोवीस तास त्यांच्याकडे बघत होतास. 'बाबा जागे राहत नाहीत' एवढं एकदा सिस्टरला सांगितलं असतंस तर कदाचित त्यांना आधी खाली नेलं असतं. वाचले असते असं मी म्हणत नाही, डॉक्टर आहे, तसं म्हणता येत नाही. पण तू सांगितलं नाहीस, कारण तुला ती झोप हवीशी वाटली होती. आणि छाती दुखणं? सिस्टर मला निकालानंतर भेटली. बाबांनी तिला सांगितलं होतं, "माझी छातीबिती काही दुखत नाही. पोरगं भेदरलंय, त्याला जरा हसवतो." तो विनोद तुझ्यासाठी होता, धाकट्या. त्यावरूनच तू त्यांच्या खोक्यात हात घातलास.

आता तुला वाटेल, हे सगळं मी आईला का सांगितलं नाही. सांगणार होते. जिना चढेपर्यंत सांगणार होते. पण तिने विचारलं ते खरं होतं आणि तिचा हात तुझ्या डोक्यावर गेला तेव्हा तिचा चेहरा बाबा गेल्यापासून पहिल्यांदा सैल झाला. ते मी तिला दिलं. तुला दिलेलं नाही. ही गल्लत करू नकोस.

आई तुझ्याकडेच राहू दे. माझ्या खोलीचे पडदे मी काढून टाकले. मात्र आजपासून दर रविवारी मी येणार. आईशेजारी बसेन, मुलींचे केस विंचरेन, तुझ्या बायकोच्या हातचा चहा घेईन. आई येणाऱ्याजाणाऱ्याला तुझी गोष्ट सांगेल आणि माझ्याकडे वळून विचारेल, हो की नाही गं? मी दरवेळी 'हो' म्हणेन. तेव्हा तू आत निघून जायचं नाहीस. तिथेच उभा राहायचं आणि माझ्याकडे बघायचं.

परवा निघताना दुकानात डोकावले. मुलाखतीची चौकट उतरवली आहेस. ती पुन्हा लाव. कात्रीशेजारी जागा आहे.

रविवारी येते.

ताई